अस्थींचा पाठ आणि भाषेचा इतिहास

१

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी आणि उत्खननात मिळालेली खापरे यांची नावे सहज ओठांवर येतात. गेल्या चाळीस वर्षांत या यादीत एका नव्या साधनाची भर पडली आहे. मृताच्या अस्थींत वा दातांत टिकून राहिलेले डी.एन.ए. वेगळे काढावयाचे, त्यातील रासायनिक अक्षरांचा क्रम वाचावयाचा आणि त्यावरून ती व्यक्ती कोणत्या लोकसमूहांच्या मिश्रणातून आली हे ठरवावयाचे, असे या साधनाचे थोडक्यात स्वरूप आहे. इ. स. २०१९ मध्ये हरियाणातील राखीगढी येथील एका सांगाड्याविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा हे शास्त्र आपल्याकडे सर्वतोमुखी झाले. त्या उत्खननाचे नेतृत्व पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. वसंत शिंदे यांच्याकडे असल्याने महाराष्ट्रात त्याविषयी कुतूहल निर्माण होणे स्वाभाविकच होते.

परंतु हे कुतूहल बहुतांशी एकाच प्रश्नाभोवती घोटाळत राहिले. आर्य बाहेरून आले की आले नाहीत? भाषाविज्ञान शिकविताना प्रस्तुत लेखकास वर्गात वारंवार हाच प्रश्न विचारला जातो, आणि विचारणाऱ्यास उत्तर बहुधा एका शब्दात हवे असते. ते तसे का देता येत नाही, हे सांगणे हा या लेखाचा हेतू होय. त्यासाठी तीन गोष्टींचा क्रमाने विचार करावयाचा आहे : हे साधन कसे घडले, त्याची विश्वसनीयता कशी ठरते, आणि भाषेच्या इतिहासाविषयी त्याची साक्ष कोठपर्यंत ग्राह्य मानावी. लेखक जीवशास्त्राचा अभ्यासक नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. तथापि जीर्ण, त्रुटित आणि प्रक्षेपांनी भरलेले पाठ कसे वाचावेत याची एक विद्या आपल्याकडे दीर्घकाळ जोपासली गेली आहे. तिचा परिचय असलेल्या वाचकास हे नवे शास्त्र वाटते तितके परके नाही.

२

या शास्त्राचा आरंभ माणसाच्या हाडापासून न होता एका नामशेष प्राण्याच्या कातड्यापासून झाला. क्वागा हा दक्षिण आफ्रिकेतील झेब्र्याचा भाऊबंद. त्याच्यातील शेवटचा ज्ञात प्राणी १८८३ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. संग्रहालयात जपून ठेविलेल्या क्वागाच्या एका कातड्यास चिकटलेल्या शुष्क मांसातून १९८४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील ॲलन विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी डी.एन.ए.ची २२९ अक्षरे वाचली. मृत्यूनंतर शतकभराने जनुकांचा लेख वाचता येतो, हे यातून प्रथम सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी स्वांते पॅबो या तरुण स्वीडिश संशोधकाने सुमारे २४०० वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन बालकाच्या ममीतून डी.एन.ए. मिळविल्याचे जाहीर केले.

याच सुमारास कॅरी मुलिस यांनी शोधलेली एक प्रक्रिया प्रयोगशाळांच्या हाती आली. तिच्या योगाने डी.एन.ए.च्या एका सूक्ष्म तुकड्याच्या लक्षावधी प्रती काही तासांत तयार करता येऊ लागल्या. मुलिस यांना त्याबद्दल १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. साधन प्रभावी होते, आणि त्याचा दोषही त्याच्या प्रभावातच होता. जुन्या हाडातील झिजलेल्या तुकड्याची प्रत काढता काढता ते हाड हाताळणाऱ्या माणसाच्या घामाची, श्वासाची वा त्वचेच्या कणाची प्रत कितीतरी अधिक सुलभतेने निघत असे. १९९४ मध्ये आठ कोटी वर्षांपूर्वीच्या, बहुधा डायनोसॉरच्या, हाडातून डी.एन.ए. मिळाल्याचे एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ते वस्तुतः मानवी डी.एन.ए. होते असे वर्षभरातच दिसून आले. राळेच्या अश्मीभूत खड्यांत अडकलेल्या कीटकांविषयीचे तत्कालीन दावेही पुढे टिकले नाहीत. ज्या ममीच्या संशोधनाने पॅबो यांचे नाव झाले, त्यातील तुकडाही आधुनिक माणसाचाच असावा, हे पुढे त्यांनी स्वतः मान्य केले.

ही गोष्ट येथे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, या शास्त्राची खरी प्रगती या अपयशांतून झाली. संशोधकांनी आपल्याच पुराव्यावर संशय घेण्याची शिस्त अंगी बाणवून घेतली. निर्जंतुक केलेल्या स्वतंत्र खोल्या, अंगभर आच्छादन, कोऱ्या नमुन्यांची समांतर तपासणी आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत स्वतंत्र पडताळणी या गोष्टी अनिवार्य झाल्या. १८५६ मध्ये जर्मनीतील निअँडर खोऱ्यात सापडलेल्या प्रसिद्ध सांगाड्यातील तंतुकणिकेच्या डी.एन.ए.चा अंश १९९७ मध्ये वाचला गेला, तेव्हा म्यूनिकमध्ये निघालेला निष्कर्ष अमेरिकेतील दुसऱ्या प्रयोगशाळेने स्वतंत्रपणे पडताळून पाहिला होता. पुढे कोट्यवधी तुकडे एकाच वेळी वाचणारी यंत्रे आली. २०१० मध्ये निअँडरथल मानवाच्या संपूर्ण जनुकसंचाचा कच्चा मसुदा प्रसिद्ध झाला आणि आफ्रिकेबाहेरील आजच्या माणसांत त्याचा अल्पसा वारसा असल्याचे दिसले. २०२२ मध्ये पॅबो यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

३

आता विश्वसनीयतेचा प्रश्न. प्राणी मेला की त्याच्या पेशींतील डी.एन.ए.ची दुरुस्ती थांबते. पाणी, उष्णता व जंतू यांच्या योगाने त्याचे तुकडे पडू लागतात. मानवी जनुकसंचात सुमारे तीन अब्ज अक्षरे असतात; पुरातन अस्थींतून मिळणारे तुकडे बहुधा शंभर अक्षरांहूनही आखूड असतात. त्यातही हाडात शिरलेल्या मातीतील जंतूंचेच डी.एन.ए. पुष्कळ वेळा प्रमुख असते, आणि त्या व्यक्तीचे स्वतःचे म्हणावे असे शेकडा एकही भरत नाही. एखाद्या ग्रंथाची सर्व पाने फाडून त्यांचे शब्दाशब्दांचे कपटे करावे, त्यांत इतर शेकडो ग्रंथांचे कपटे मिसळावे आणि मग मूळ ग्रंथ जुळवावयास सांगावे, तसे हे काम आहे.

मग जुना कपटा कोणता आणि नवा कोणता, हे कसे ओळखावयाचे? याचे उत्तर मोठे मननीय आहे. डी.एन.ए.च्या चार अक्षरांपैकी सायटोसीन हे अक्षर कालांतराने विकृत होऊन युरॅसिल बनते, आणि यंत्र ते थायमीन म्हणून वाचते. ही विकृती तुकड्याच्या टोकांशी विशेष आढळते, कारण तेथे साखळीचा एकेरी धागा उघडा पडलेला असतो. नमुना हाताळणाऱ्या आजच्या माणसाच्या डी.एन.ए.त ही खूण नसते. म्हणून एखाद्या नमुन्यातील तुकडे आखूड असतील आणि त्यांच्या टोकांशी हा विशिष्ट अक्षरविकार अपेक्षित प्रमाणात दिसत असेल, तर तो नमुना अस्सल मानण्यास आधार मिळतो. निर्दोष, लांब व स्वच्छ तुकडा हाती आला की उलट संशय घ्यावयाचा.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकास हे तत्त्व ऐकताच ओळखीचे वाटेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये आरंभिलेले आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास गेलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य ज्यांनी पाहिले आहे, त्यांस ठाऊक आहे की सुबोध, घोटीव पाठ हा पुष्कळदा उत्तरकालीन लेखनिकाने केलेली दुरुस्ती असतो, आणि व्याकरणास अडखळविणारा दुर्बोध पाठ प्राचीनतेच्या अधिक निकट असतो. डॉ. वि. सी. सुखठणकर यांनी पोथ्यांचे वंशवृक्ष लावताना पोथ्यांतील समान पाठभेदांचा व समान प्रक्षेपांचाच आधार घेतला. डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४१ मध्ये भारतीय पाठचिकित्सेवर स्वतंत्र ग्रंथ लिहून या विद्येची तत्त्वे मांडली. या दोन विद्यांत भेदही आहे. पोथी ही प्रतीची प्रत असते. हाडातील तुकडा हा मूळ लेखच, मात्र जीर्ण झालेला. तरी दोहोंचे मर्म एकच. झीज व प्रमाद हे केवळ अडथळे नसून योग्य रीतीने वाचल्यास तेच काळाची साक्ष देतात.

४

या शिस्तीची खरी कसोटी उष्ण प्रदेशात लागते. सैबेरियाच्या गोठलेल्या भूमीत जे सहस्रावधी वर्षे टिकते ते आपल्या उन्हाळ्यांत आणि पावसाळ्यांत झपाट्याने नष्ट होते. राखीगढीच्या दफनभूमीतील ६१ अस्थिनमुने तपासण्यात आले. त्यांतील अवघ्या एका व्यक्तीचे अस्सल डी.एन.ए. उपयोगी पडेल इतके मिळाले. त्यासाठी कानाच्या आतील भागाभोवती असणारे अत्यंत घट्ट हाड उपयोगी पडले. २०१४ च्या सुमारास या हाडात डी.एन.ए. सर्वांत चांगले टिकते हे ध्यानात आल्यापासून जगभर त्याचाच शोध प्रथम घेतला जातो. एवढे करूनही राखीगढीच्या नमुन्यावर शंभराहून अधिक वेळा प्रक्रिया करावी लागली. माणसामाणसांत जेथे अक्षरभेद आढळतो अशी सुमारे १२ लाख स्थाने तपासण्यासाठी निवडली होती. त्यांपैकी सुमारे ३१ हजार स्थाने वाचता आली.

ती व्यक्ती स्त्री होती. सप्टेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार तिचा वंश मुख्यत्वे दोन धाग्यांचा होता : एक प्राचीन इराणी लोकांशी दूरचे नाते सांगणारा, दुसरा दक्षिण-पूर्वेकडील अन्नसंग्राहक लोकांशी नाते सांगणारा. इराणातील शहर-ए-सोख्ता व तुर्कमेनिस्तानातील गोनूर या सिंधू संस्कृतीशी संपर्क असलेल्या स्थळी सापडलेल्या, स्थानिकांहून निराळ्या अशा ११ व्यक्तींचा वंश याच प्रकारचा होता. एकट्या सांगाड्याच्या साक्षीस त्यामुळे बळ आले. तिच्यातील इराणी धागा तेथे शेती सुरू होण्यापूर्वीच वेगळा झालेला दिसतो. म्हणजे पश्चिम इराणातील शेतकऱ्यांच्या मोठ्या लोंढ्याने आपल्याकडे शेती आणली, या कल्पनेस यातून आधार मिळत नाही. काळ्या समुद्राच्या उत्तरेस पसरलेल्या गवताळ स्टेप प्रदेशातील पशुपालकांचा अंश या स्त्रीत आढळला नाही.

त्याच आठवड्यात, काही लेखक समान असलेला दुसरा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात मध्य व दक्षिण आशियातील ५२३ पुरातन व्यक्तींचा विचार होता. त्याचा निष्कर्ष असा की, स्टेप प्रदेशातील लोकांचा अंश इ. स. पू. २००० ते १५०० च्या दरम्यान दक्षिण आशियाकडे आला. स्वात खोऱ्यातील इ. स. पू. १२०० नंतरच्या अस्थींत तो स्पष्ट दिसतो आणि आजच्या बहुसंख्य भारतीयांत कमीअधिक प्रमाणात आढळतो. हे दोन निबंध परस्परविरोधी नाहीत. पहिला सांगतो, सिंधू संस्कृतीच्या भरभराटीच्या काळी हा अंश येथे सर्वत्र पसरलेला नव्हता. दुसरा सांगतो, तो नंतर आला. तरीही पहिल्या निबंधातील अभाव तेवढा उचलून 'कोणी आलेच नाही' असा एक मथळा देण्यात आला, आणि दुसऱ्यातील आगमन तेवढे उचलून 'आक्रमण सिद्ध झाले' असा दुसरा. पहिल्याने काळाचा विचार सोडला. दुसऱ्याने सावकाश, शतकानुशतके चाललेल्या मिश्रणास स्वारीचे रूप दिले.

५

अस्थींवर आपले पूर्वग्रह लादण्याची ही पहिलीच वेळ नव्हे. १९०१ च्या जनगणनेच्या निमित्ताने रिस्ले यांनी नाकाच्या मापांवरून भारतीयांचे वंश ठरवू पाहिले. १९४७ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी मोहेंजोदडो येथील अस्ताव्यस्त पडलेल्या सांगाड्यांचा ऋग्वेदातील पुरंदर इंद्राशी संबंध जोडून आर्यांनी केलेल्या कत्तलीचा तर्क मांडला. १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स यांनी ते सांगाडे कोणत्या थरात सापडले याची छाननी केली आणि ते सर्व एकाच वेळी, एकाच प्रसंगी मेलेल्यांचे नाहीत हे दाखवून दिले. दोष हाडांचा नव्हता, ऋग्वेदाचाही नव्हता. ज्या दोन साधनांची स्वतंत्रपणे परीक्षा व्हावयास हवी होती, त्यांचा परस्परांच्या आधाराने अर्थ लावण्यात आला होता.

'आर्य' ही संज्ञा भाषेची आहे, रक्ताची नव्हे, असे माक्स म्यूलर यांनी १८८८ मध्येच निःसंदिग्धपणे बजाविले होते. भाषा ही आईबापांकडून येते तशी शेजाऱ्यांकडून, बाजारातून, राजदरबारातूनही येते. एका पिढीत माणूस भाषा बदलू शकतो. जनुकसंच तसा बदलता येत नाही. स्पेन व पोर्तुगाल यांच्या भूमीतील पुरातन अस्थींच्या २०१९ मधील अभ्यासात असे दिसले की, इ. स. पू. २००० च्या सुमारास तेथील वंशाचा सुमारे ४० टक्के भाग स्टेप प्रदेशाशी नाते सांगणाऱ्या लोकांनी व्यापला, आणि पित्याकडून पुत्राकडे जाणारे पूर्वीचे वाय गुणसूत्र तर जवळजवळ सर्वस्वी नाहीसे झाले. बास्क लोक याला अपवाद नाहीत. तरीही त्यांची भाषा इंडो-युरोपीय नाही. केवळ हाडे पाहून कोणी भाषा सांगू गेला असता, तर येथे त्याने हमखास चुकीचे उत्तर दिले असते.

इतके दूर जावयास नको. कुलाबा भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, तेलाचा घाणा चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवीत म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्रायली लोक मराठीच बोलत आले. २०१६ मधील एका जनुकीय अभ्यासात त्यांच्या वंशात यहुदी व भारतीय असे दोन्ही धागे ठळकपणे आढळले. त्यांची मराठी त्यामुळे तिळमात्र उणी ठरत नाही.

मग भाषेच्या इतिहासाला पुरावा कोठला? भाषेचाच. इ. स. पू. चौदाव्या शतकात हित्ती व मितन्नी या राजांमध्ये झालेल्या तहात मित्र, वरुण, इंद्र व नासत्य या देवतांची नावे साक्षीदार म्हणून येतात. किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाच्या ग्रंथात शर्यतीच्या फेऱ्यांसाठी 'ऐक', 'तेर', 'पंझ', 'सत्त' अशी संख्यावाचक रूपे आहेत. यांतील पहिले रूप संस्कृत 'एक' शी जुळते. अवेस्तात त्या ठिकाणी निराळ्या प्रत्ययाने साधलेला शब्द आहे. म्हणजे ही भाषा इराणी शाखेची नसून भारतीय आर्य शाखेच्या निकटची होती, हे एका व्यंजनावरून ठरते. विशेष म्हणजे मितन्नीची सामान्य प्रजा हुर्री ही सर्वस्वी वेगळी भाषा बोलत होती. तेथील दफनभूमीतील अस्थी कितीही बारकाईने वाचल्या तरी 'ऐक' हा शब्द त्यांत सापडणार नाही.

आपल्या मराठीचेच पाहा. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा वगळला जातो, 'आपण' म्हणताना तो सामावून घेतला जातो. हा भेद संस्कृतात नाही. तमिळ, तेलुगू यांसारख्या द्राविड भाषांत आहे. १९५६ मध्ये एमेनो यांनी भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचा विचार मांडला, तेव्हापासून अशा लक्षणांकडे दीर्घ सहवासाची खूण म्हणून पाहिले जाते. दोन समाजांनी शेजारी राहून एकमेकांची बोलण्याची रीत उचलली, हा इतिहास व्याकरणात नोंदलेला आहे. तो वाचण्याचे ठिकाणही व्याकरणच होय.

६

याचा अर्थ अस्थींची साक्ष भाषाशास्त्रज्ञाने दुर्लक्षावी असा मुळीच नाही. भारतीय आर्य भाषा वायव्येकडून आल्या असे बहुसंख्य भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे, आणि ते अवेस्ता, मितन्नी व इतर इंडो-युरोपीय भाषांच्या तुलनेवर आधारलेले आहे. स्टेप अंशाच्या आगमनाचा जो काळ जनुकशास्त्राने स्वतंत्रपणे काढला, तो या मताशी सुसंगत आहे. ही एकवाक्यता मोलाची आहे. परंतु ती मोलाची आहे ती दोन साक्षीदार एकमेकांस पढविलेले नसल्यामुळेच. ज्या दिवशी जनुकशास्त्रज्ञ आपल्या कालगणनेतील तुटी भाषाशास्त्राच्या अनुमानांनी भरून काढील, आणि भाषाशास्त्रज्ञ आपली अनुमाने जनुकांच्या आकड्यांनी सजवील, त्या दिवशी दोन साक्षींची एकच साक्ष होईल, आणि तीही दुबळी.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर घोड नदीच्या काठच्या इनामगावचे उदाहरण डोळ्यांसमोर येते. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची ती वसती इ. स. पू. १६०० च्या सुमारास सुरू होऊन इ. स. पू. ७०० च्या सुमारास संपली. घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडव्या ठेविलेल्या दोन रांजणांत पुरलेली बालके आणि घोट्यांखाली पावले तोडून पुरलेली प्रौढ माणसे पाहून कोणाही अभ्यासकाच्या मनात प्रश्न उभा राहतो : या आया आपल्या लेकरांना कोणत्या शब्दांनी हाका मारीत होत्या? महाराष्ट्रातील भाषेचा लिखित पुरावा सोपाऱ्याच्या अशोककालीन शिलालेखापासून, म्हणजे इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून मिळतो. मध्ये चारशे वर्षांचे मौन आहे. उद्या त्या अस्थींतून संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तर ती बालके कोणाची कोण होती, गावात सुना कोठून येत होत्या, दुष्काळानंतर माणसे तीच राहिली की नवी आली, हे कदाचित समजेल. त्यांची भाषा समजणार नाही. ते मौन नव्या शास्त्राच्या घाईने भरून काढण्यापेक्षा मौन म्हणूनच नोंदविणे अधिक प्रामाणिकपणाचे होय.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट. डी.एन.ए. काढण्यासाठी हाडाची पूड करावी लागते. पूड झालेले हाड परत मिळत नाही. १९८५ च्या पद्धतीने सर्व नमुने संपविले असते, तर पुढच्या पद्धतींना वाचावयास काहीच उरले नसते. म्हणून आपल्या संस्थांतील अस्थिसंग्रहांतून नमुना देण्यापूर्वी त्याची मापे, छायाचित्रे व उत्खननातील थराची नोंद पूर्ण करावी, आणि प्रत्येक सांगाड्याचा काही भाग उद्याच्या अभ्यासकासाठी अस्पर्श राखावा. जीर्ण पोथीतील न लागलेले अक्षर खोडून त्या जागी आपल्या कल्पनेचे अक्षर लिहिण्याचा अधिकार संपादकास नसतो. तो नियम अस्थींच्या पाठासही लागू आहे.